मानाची पट्टी

१५ जुलै २०१८

प्रिय गेलन,

फोन तू उचलत नाहीस. निरोप ठेवावा म्हटलं तर त्यातली बाई सांगते, जागा भरली आहे. मग म्हटलं, कागदच घ्यावा. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं. वाचायचं की फेकायचं ते तुझं तू ठरव, पण टपालपेटीपर्यंत चालत जावं लागेल ना? तेवढाच व्यायाम.

आधी हे सांगते, ऑरिन बरा आहे. अगदी बरा. उरलेल्या फुप्फुसावर माणूस वर्षानुवर्षं काढतो, असं डॉक्टर म्हणाले. फक्त उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, हे तुम्ही शेतकऱ्याला सांगताय की चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाईला? ते बिचारे हसले. ऑरिन हसला नाही.

गेल्या ऑक्टोबरचे आभार मानायचे राहिलेत. तसं मी कार्ड पाठवलं होतं सगळ्यांना, तुलाही गेलं असेल, पण छापील कार्डात काय येतं? ऑरिन ऑपरेशनहून नुकता घरी आलेला, मका शेतात उभा, आणि सकाळी बघते तर अख्खी पंचक्रोशी हार्वेस्टर घेऊन फाटकात हजर. आपल्याकडची रीतच ती, आजारी माणसाचं शेत सगळ्यांनी मिळून एका दिवसात मोकळं करायचं. आम्हीही किती जणांकडे गेलोय. पण तू येशील असं माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. बाबा गेले, जमीन ऑरिनच्या नावावर झाली आणि तू खाली दक्षिणेत मिसुरीला निघून गेलास, तेव्हापासून तुम्हा दोघांत साधं नाताळचं कार्डही नाही. आणि त्या दिवशी तू तिकडची स्वतःची कापणी अर्धी टाकून, मशीन ट्रेलरवर घालून, इतक्या लांबून आलास. शेजारच्या डुएन स्कागनं सगळ्यांना शेताच्या पट्ट्या वाटून दिल्या तेव्हा तो काय म्हणाला ते आठवतं? "भाऊ आलाय. पहिली पट्टी भावाची." पूर्वेच्या फाटकापासूनची ती मानाची पट्टी. तू मशीन आत घातलंस तेव्हा बायका डिशेस हातात धरून रडत होत्या. मी नव्हते रडत, माझ्या डोळ्यांत भुसा गेला होता.

बाकी इकडे विशेष काही नाही. पूर्वेच्या शेतात यंदा सोयाबीन आहे. त्यात थोडा रानमाठ आलाय. नेहमीचं औषध मारलं, पण त्याला ढिम्म काही झालं नाही. चार दिवस जरा पिवळा पडला आणि मग मान वर करून उभा राहिला. ऑरिन एक रोप उपटून घेऊन आला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि त्याचं पान देठावर मुडपून बघत बसला. देठ पानाहून लांब. "अगं, हा आपल्याकडचा रानमाठ नाही," म्हणाला. "हा दक्षिणेचा. तिकडे कापसात असतो तो. त्याला औषध पाण्यासारखं." मग उठून खिडकीतून पूर्वेच्या फाटकाकडे बघायला लागला. मी म्हटलं, ते झाड उचल आता, मला तिथे कणीक लाटायची आहे.

कुठून आला कोण जाणे. पक्षी आणतात म्हणे बी.

एक फोन कर. ऑरिनला करायचा नसेल तर मला कर.

तुझी वहिनी,
अर्डिस


३ सप्टेंबर २०१८

प्रिय गेलन,

पक्षी सरळ रेषेत उडत नाहीत.

तेव्हा मी पक्ष्यांचं नाव घेतलं ते सोड. मला काय माहीत तुला आधीच कळलंय! काल डुएनची लवॉन बटाट्याची हॉटडिश घेऊन आली होती. भांडी पुसता पुसता बोलून गेली, की डुएननं जुलैच्या सुरुवातीलाच तुला फोन करून सांगितलं. "सांगायला पाहिजे असं वाटलं त्याला, अर्डिस. गेलनच्या मशीनमधूनच आलं ना." अस्सं. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत, तुला माहीत, आणि मी इकडे पक्षी उडवत बसलेय.

तर आता स्पष्टच लिहिते. फाटकापासून निघून तुझ्या मशीनच्या रुंदीएवढी पट्टी आहे. सुरुवातीला दाट, पुढे पुढे विरळ होत पार कुंपणापर्यंत. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. कुणाला कुठली पट्टी दिली होती हे सगळ्यांना पाठ, कारण मान तुला दिला होता ना. मान दिला नसता तर कुणाच्या मशीनमधून आलं हे देवालासुद्धा कळलं नसतं.

पण गेलन, कुणी तुला बोल लावलेला नाही. खरंच सांगते. डुएन म्हणाला, "माणूस मदतीला इतक्या लांबून आला, त्याला मशीन धुऊन ये असं कोण सांगणार?" बरोबरच आहे. आपली माणसं मरतील, पण पाहुण्याला पाय पुसून ये म्हणणार नाहीत.

ऑरिनचं म्हणशील तर तो रोज शेतात जातो. लपवून काय करू? तुम्ही दोघं लहानपणी बाबांच्या मागे सोयाबीनच्या ओळी चालायचात, हातात तण उपटायची आकडी घेऊन, तसाच तो चालतो. ती औषध सोसणारी बियाणी आल्यापासून इकडे कुणी ओळी चाललेलं नाही. आकड्या गंजून गेल्या, पोरांना तर आकडी म्हणजे काय तेही ठाऊक नाही. फवारा मारला की पीक उभं आणि तण आडवं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ऑरिननं बाबांची आकडी कोठारातून शोधून काढली. मी ओळीच्या टोकाला घडीची खुर्ची नेऊन ठेवते. एक ओळ चालतो, बसतो, धाप लागते ती ओसरू देतो, दुसरी चालतो. झाड उपटून तिथेच टाकून चालत नाही, पडल्या जागी पुन्हा मुळं धरतं मेलं. पोत्यात भरून आणायचं आणि जाळायचं. पोतं मी ओढते.

मी कितीदा सांगितलं, राहू दे. ऐकत नाही. त्याला आयुष्यात एकाच माणसानं "पुरे" म्हटलेलं चालायचं, आणि तो माणूस फोन उचलत नाही. मला तणाशी काही देणंघेणं नाही. तू ये, त्याच्यासमोर बस, आणि "पुरे आता, थेरड्या" एवढं म्हण. नाहीतर हा त्या ओळींतच जाईल.

अर्डिस


११ जून २०१९

प्रिय गेलन,

नाताळला तू पाठवलेली पेकान नटांची पेटी मिळाली. आत चिठ्ठी नव्हती. मी भुसासुद्धा चाळून बघितला.

ऑरिननं सगळे नट खाल्ले, एकट्यानं. मला एक दिला नाही. मार्चमध्ये त्याला पुन्हा दाखवायला नेलं होतं, तर डाव्या बाजूला काहीतरी छोटंसं आहे म्हणाले. लक्ष ठेवू या म्हणाले. आम्ही लक्ष ठेवतो आहोत.

यंदा पूर्वेच्या शेतात मक्याची पाळी होती. पण पाऊस असा लागला की मे संपला तरी ट्रॅक्टर घालायला जमीन घट्ट होईना. मक्याची वेळ गेली. पुन्हा सोयाबीनच. ऑरिन म्हणाला, यंदा ते नवं बियाणं आणू, ज्याला जुनं औषधही चालतं आणि ते दुसरं, जहालही चालतं. शेतकरी सोसायटीतला ट्रेवर सांगून गेला. चांगला मुलगा आहे, शिकलेला, नम्र. बूट दारात काढतो. त्याला मी विचारलं, "हे बियाणं तण मारतं का रे?" म्हणाला, "नाही, ते नुसतं औषध सोसतं. तण औषधानं मरतं." मी म्हटलं, "आणि तणही औषध सोसायला लागलं तर?" म्हणाला, "मग त्याहून नवं बियाणं येईल." मी म्हटलं, "आणि त्याच्यापुढे?" तर कॉफी पिऊन झाली होती तरी कपात बघत बसला. मला पोराची दया आली, केक कापून दिला.

गेल्या वर्षी ऑरिननं मरमर मरून सगळी झाडं काढली, असं आम्हाला वाटत होतं. ऑगस्टमध्ये तपासणीसाठी तो आठवडाभर दवाखान्यात होता, तेवढ्यात चारदोन झाडं कुंपणाच्या कडेला फुलून, बी होऊन सांडूनही गेली असणार. एका झाडाला लाखांनी बी असतं. आता नांगरलेल्या मातीत बारीक लाल मखमल उठली आहे. पट्टी वगैरे काही राहिली नाही आता. सगळीकडेच आहे. तेव्हा तुझी पट्टी आता कुणालाच दिसत नाही, ही एक चांगली बातमी. निदान तेवढ्यासाठी तरी ये.

पेकान आवडले. पुढच्या वेळी माणूस पाठव.

वहिनी


२१ जुलै २०१९

गेलन,

आज रागात लिहिते आहे, सांभाळून वाच.

ते जहाल औषध रोप बोटभर असताना मारायचं असतं. पावसानं आठवडाभर शेतात पाय ठेवू दिला नाही, तोवर रानमाठ गुडघ्यापर्यंत आला. शेवटी सोसायटीचं मशीन येऊन मारून गेलं. झाडं पिळवटली, वाकली, जमिनीवर झोपली. ऑरिन पोर्चवरून बघत होता, म्हणाला, "गेली." आठ दिवसांनी बघतो तर शेंडे वळवून पुन्हा वर. जसं काही डुलकी काढून उठले. ट्रेवर म्हणतो, तिकडे दक्षिणेत त्यानं हेही औषध खाऊन पचवलं असेल. असेल बाबा. टाचा उंच करून बघितलं तरी आता सोयाबीन दिसतच नाही.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. ऊन कडक होतं, संध्याकाळी वारा पडला आणि ते औषध वाफ होऊन आमच्या शेतावरून उठून डुएनच्या शेतात गेलं. त्याचं बियाणं साधं, सोसणारं नव्हे. त्याची सगळी पानं द्रोणासारखी वळली. लवॉनचे टोमॅटो गेले, द्राक्षाचा मांडव गेला. आपण मारायला गेलो तण, आणि मेली लवॉनची द्राक्षं. ऑरिन माफी मागायला गेला. डुएन म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं, होतं असं." कॉफी दिली, कुकी दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर भेटला की हॅलो म्हणायला स्टिअरिंगवरचं बोट उचलत नाही. माझ्याकडे बघून उचलतो. ऑरिनकडे बघून नाही. चाळीस वर्षं ते बोट उचललं जात होतं. ऑरिन घरी आला की सांगतो, "आज डुएनचं लक्ष नव्हतं." मी म्हणते, हो, नसेल.

आता रागाचं कारण.

काल ऑरिन ओळीच्या टोकाला खुर्चीत बसला होता. चालणं आता होत नाही, नुसता बसतो आणि हाताला येतील तेवढी उपटतो. मी चिडले. म्हटलं, "हे सगळं त्या गेलननं आणलं आणि तो तिकडे तोंड लपवून बसलाय. एकदा येऊन भावाला भेटायला काय होतं त्याला?" तर ऑरिन शांतपणे म्हणाला, "मला माहीत होतं, अर्डिस."

"काय माहीत होतं?"

म्हणाला, त्या दिवशी मी पिकअपमध्ये ब्लँकेट गुंडाळून फाटकापाशी बसलो होतो ना. त्याचं मशीन ट्रेलरवरून उतरलं ते मी बघत होतो. पोटाखाली, आसाला, सगळीकडे लाल काड्या गुंडाळलेल्या. मी ओळखल्या. मशीन झाडायचा हवेचा पंप तिथेच कोठारात होता. तास-दोन तासांचं काम होतं.

तुला माहीत आहे ऑरिन कसा आहे ते. परक्याचं मशीन झाडल्याशिवाय त्यानं कधी आपल्या मातीला लागू दिलं नाही. लोक हसायचे त्याला. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

म्हणाला, "तो खाली उतरला आणि सरळ माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, काय रे थेरड्या, मेला नाहीस अजून? बाबा गेल्यापासून पहिला शब्द बोलला तो माझ्याशी. त्यावर मी त्याला काय म्हणायचं होतं, आधी मशीन धू? सगळ्या गावासमोर? तो तिथूनच परत फिरला असता. मी म्हटलं, जा, सुरू कर."

मी म्हटलं, "म्हणजे तू शेत घालवलंस."

म्हणाला, "मला वाटलं, शेत जाईल आणि गेलन येत राहील. जमेल असं वाटलं होतं."

गेलन, मी त्या दोन वाक्यांवर रात्रभर विचार करत होते. आता तूच सांग, तुला तोंड लपवायला काय कारण उरलं? तू त्याला फसवलं नाहीस. त्यानं डोळ्यांनी बघून तुला आत घेतलं. त्याला तू हवा होतास. आणि तू काय केलंस, तर तण ठेवलंस आणि स्वतः निघून गेलास. एवढे मोठे दोन घोडे झालात, पण अक्कल म्हणून दोघांनाही नाही. तू लाजेनं मर तिकडे, तो इकडे खुर्चीत मरेल, आणि दोघांच्या मधे मी पोती ओढते.

डाव्या बाजूचं ते छोटं आता छोटं राहिलेलं नाही. हे मी मागच्या पत्रात नीट लिहिलं नव्हतं. बर्फ पडेपर्यंत तो असेल, असं डॉक्टर म्हणतात.

अर्डिस


६ ऑक्टोबर २०१९

प्रिय गेलन,

या वेळी कुणी आलं नाही.

मी वाट बघत होते असं नाही. पण खरं सांगायचं तर बघत होते. शनिवारी सकाळी कॉफीचं मोठं भांडं काढलं, चर्चचं, पन्नास माणसांचं. मग परत ठेवून दिलं.

ऑरिन अंथरुणाला लागलाय, सोयाबीन वाळून उभं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लवॉन येते. टोमॅटोचं एक अक्षर बोलत नाही, हॉटडिश आणते, ऑरिनच्या उशा नीट करते. पण गाडी रस्त्यावर लावते आणि चालत आत येते. आमच्या वाटेवर टायर घालत नाही. पास्टरही तसंच करतात. डुएनला मी शेवटी विचारलंच. तो टोपी काढून उभा राहिला, म्हणाला, "अर्डिस, माझ्या मशीनचा पट्टा तुटलाय." दुसऱ्याच्या मशीनचा आरसा तुटलाय. तिसऱ्याचा मुलगा बाहेरगावी गेलाय. पैसे देऊन कापणी करणारे आहेत, त्यांनी रस्त्यावरूनच शेत बघितलं आणि गाडी वळवली. मनगटाएवढ्या जाड खोडांत एकदा मशीन घातलं की ते बी पुढे किती गावांत जाईल याचा नेम नाही. मी तरी कुठे आले असते? मीही म्हटलं असतं, पट्टा तुटलाय.

सगळ्यांनी पाय मागे घेतला तो रागानं नव्हे, हे मला कळतं. तेच जास्त लागतं. राग असता तर मी भांडले असते.

ऑरिनला मी सांगितलंय की सगळे दुसरीकडे कापणीत अडकलेत, पुढच्या आठवड्यात येतील. खिडकीतून रस्ता दिसतो. तो बघत असतो.

गेलन, पृथ्वीवर आता एकच मशीन आहे ज्याला आमच्या शेतात शिरून काही नवं लागणार नाही. तुझ्याकडे ते तण पहिल्यापासूनच आहे. तुझं काही बिघडत नाही. तू ये.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. सोयाबीन गेलं खड्ड्यात. ते आम्ही जाळून टाकू, बर्फाखाली कुजू देऊ. कापणी हे तुला यायला निमित्त म्हणून लिहिते, कारण नुसता ये म्हटलं तर तू येत नाहीस, हे दोन उन्हाळे बघतेय. ये, कापायचं तर काप, आणि मग आत येऊन त्याच्या पलंगाशी बस. बोलू नकोस हवं तर. तो बोलेल.

लवकर.

वहिनी


२५ ऑक्टोबर २०१९

गेलन,

तू आलास.

तुझा ट्रेलर वळणावर दिसला तेव्हा ऑरिननं मला सांगितलं, "डुएन नाही तो." कसं ओळखलं देव जाणे. मग म्हणाला, दाढी कर माझी. मी त्याची दाढी केली, निळा सदरा घातला, तो बटणं लावताना माझ्या हातावर दोनदा चिडला. खाटेवरून उठून स्वयंपाकघरात बसायचं म्हणाला. टेबलाशी बसवलं. मी लेफ्सा लाटायला घेतला, तीच आपली नाताळची बटाट्याची पोळी. नाताळ लांब होता, पण तुला आवडतो म्हणून. बटाटे गरम होते, हात भाजला, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

सबंध दिवस आम्ही तुझा आवाज ऐकला. मशीन खोडांत अडकायचं, थांबायचं, तू उतरून काढायचास, पुन्हा सुरू व्हायचं. ऑरिन बसल्या बसल्या सांगत होता, आता तो कुंपणापाशी असेल, आता ओढ्याच्या कडेला. दुपारी मी सँडविच घेऊन शेतात आले, तू काचेआडून हात हलवलास आणि पुढच्या ओळीला लागलास. मी ते फाटकाच्या खांबावर ठेवलं. ते तू खाल्लंस, कागद खांबाला खोचून ठेवलेला मिळाला.

मग मशीन बंद झालं. ऑरिन म्हणाला, "आता येईल." पण हवेच्या पंपाचा आवाज सुरू झाला. तू मशीन झाडत होतास. आमच्या फाटकात उभा राहून, वर, खाली, पोटाखाली, आसाला, कितीतरी वेळ. पूर्वी आमच्याकडे येताना मशीन झाडावं लागायचं, आता आमच्याकडून जाताना झाडावं लागतं. ऑरिन ऐकत होता. म्हणाला, "नीट करतोय. त्याला बाबांनी असं कधी शिकवलं नव्हतं." त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, गेलन. ते तुला सांगायला हवं म्हणून लिहिते.

पंप थांबला. लेफ्साला लोणी लावलं, साखर भुरभुरली, तुझ्या जागी ताट ठेवलं. आणि ट्रकचं दार वाजलं. मी तशीच पिठाच्या हातांनी अंगणात धावले. हाक मारली. तू ऐकलीस. मान वळवलीस, टोपीला हात लावलास, आणि गेलास. मी रस्त्यापर्यंत आले होते रे. या वयात.

आत आले तर ऑरिननं विचारलंसुद्धा नाही. "त्याला तिकडे कापूस वेचायचा असेल," म्हणाला. "ऑक्टोबरात कुणाला वेळ असतो?" मग तुझं ताट स्वतःकडे ओढलं आणि तुझ्या वाट्याचा लेफ्सा खाल्ला. दोन आठवड्यांत त्यानं पोटात घेतलेलं तेवढंच. मी उठून भांडी घासायला गेले, कारण मला त्याच्यासमोर बसवत नव्हतं.

तो काल सकाळी गेला. शांतपणे, माझा हात धरून वगैरे नाही. मी ओटमील ढवळत होते, वळून बघितलं तर गेला होता. निळा सदरा तोच होता. बदलू देत नव्हता.

तुझ्या फोनवर आता जागा झाली आहे. मी निरोप ठेवला, पण तू ऐकशील याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र जलद टपालानं टाकते आहे.

शेत एका मोठ्या कंपनीवाल्यांना कसायला देते आहे. त्यांचा माणूस मागच्या आठवड्यातच येऊन बघून गेला. म्हणाला, आमच्याकडे सगळी औषधं आहेत. मी म्हटलं, छान.

मंगळवारी अकरा वाजता चर्चमध्ये. डुएन आला होता, म्हणाला, पेटी उचलायला मी असेन, दोघा पुतण्यांनाही आणतो. रडला माझ्यासमोर. ट्रेवरही म्हणाला, मला घ्या. चर्चचा घंटेवाला आहे. असे पाच झाले. सहावी जागा पुढची, डाव्या हाताची, भावाची असते. ती मी कुणाला दिलेली नाही. मशीन आणू नकोस, काही आणू नकोस, नुसता ये.

पास्टर म्हणाले, "आणि तो आला नाही तर? आणखी कुणाला सांगून ठेवू का?"

मी म्हटलं, नको. पाच जण पुरतील. ऑरिन आता काही जड राहिलेला नाही.

अर्डिस